साखर-मिठाचं पाणी आणि कुलपातलं इन्सुलिन

राग उतरू दे, मग लिही, असं माझा नवरा गुमान म्हणतो. राग उतरला की मी लिहिणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून आत्ताच लिहिते. ज्यांना छान छान वाचायचं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

माझं नाव सेवंती. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची वाडी आहे. आम्ही भिलाला आदिवासी. घरात भिलाली बोलतो, बाजारात वऱ्हाडी, आणि आश्रमशाळेत शिकल्यामुळे कागदावर मी ही अशी मराठी लिहिते. बारावी झाले, वाडीच्याच अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. मला शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं तरच मी जगते. एवढं वाक्य लिहायला सोपं आहे. जगायला किती अवघड केलंय लोकांनी, ते पुढे सांगते.

मी अंगाने काटकुळी आहे. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. शुगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोट सुटलेला शेटजी येतो. शिकलेल्या डॉक्टरांच्याही डोळ्यांपुढे तोच येतो. डोंगरातली, ज्वारीची भाकर खाणारी, रोज पाच किलोमीटर चालणारी भिलाला बाई कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही.

तहान

त्या उन्हाळ्यात मला तहान लागायला लागली. तहान सगळ्यांनाच लागते, उन्हाळाच तसा असतो आमच्याकडे. पण मी एक तांब्या संपवला की दुसरा भरायची. तासाला लघवीला जायचं. अंगणवाडीला संडास नाही, म्हणून नाल्याच्या काठाला पळायचं. पोरं हसायची. दोन महिन्यांत माझं पोलकं इतकं ढिलं झालं की पिन लावून घालावं लागलं.

माझ्या सासूला मी माय म्हणते. ती म्हणायची, "तीन-तीन भाकरी खाते वं तू, जाते कोठी हे सारं?"

आता माझी अक्कल ऐका. अंगणवाडीत मी काय शिकवते? बाळाला जुलाब झाले, अंगात पाणी कमी पडलं, अशक्तपणा आला, की मीठ-साखरेचं पाणी. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे मी झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवेन. वाडीतल्या बायांना हात धरून शिकवलंय. मग मला तहान लागली, अंग गळायला लागलं, जिभेला कोरड पडली, तर मी काय करणार? मी साखर-मिठाचं पाणी केलं. सकाळी एक जग, दुपारी एक जग. प्यायलं की आणखी तहान लागायची. तहान लागली की आणखी प्यायची. तीन आठवडे मी माझ्याच हाताने स्वतःला विष पाजलं आणि वर घरच्यांना म्हणत होते की काही नाही, ऊन लागलंय.

मला वर्षाला दोन-तीन प्रशिक्षणं होतात. कुपोषण शिकवतात, लसीकरण शिकवतात, हात कसे धुवायचे ते शिकवतात. तहान, लघवी आणि वाळत जाणं ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर साखर देऊ नका, आधी बोट टोचून बघा, हे एक वाक्य मला कोणी सांगितलं नाही. एक वाक्य! त्याला काय बजेट लागतं?

बाटली

आमच्याकडे अशक्तपणा म्हणजे बाटली. सलाईनला आम्ही बाटली म्हणतो. सोयाबीन सोंगून झालं, कापूस वेचून झाला, की बाया बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातात, आधी दवाखान्यात बाटली लावून घेतात, मग मिरच्या-मीठ घेऊन घरी येतात. एखाद्या डॉक्टरने बाटली लावली नाही तर म्हणतात, "याले काही येत नाई." डॉक्टर लोकांनाही ते ठाऊक आहे. म्हणून ते विचारतच नाहीत, सरळ लावतात.

मीही तेच केलं. गुमानने मला गाडीवर बसवून नेलं, मागे मायने मला धरून ठेवलं होतं. खाजगी दवाखाना होता, नाव सांगत नाही. मी स्वतः म्हणाले, "डॉक्टर साहेब, लय अशक्तपणा आला. बाटली लावा. मोठी लावा."

मायने मात्र एक गोष्ट बघितली होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, ही घरामागं जिथं लघवीले बसते ना, तथी मुंग्या लागतात. बाकीच्याच्या जागी नाई लागत. हिच्याच जागी लागतात. मले काही समजून नाई राह्यलं."

डॉक्टर हसले. कंपाउंडरकडे बघून हसले. "आजी, जंगलात राहता तुम्ही. मुंग्या तर सगळीकडेच असतात."

शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईने निदान करून त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं आणि हा माणूस हसला. मला आजही ते हसू आठवलं की हात शिवशिवतात. बोटाला सुई टोचायला किती वेळ लागतो? त्याच्या हसण्यापेक्षा कमी लागतो.

ग्लुकोजची बाटली लावली. ती संपली, दुसरी लावली. दुसरी अर्धी झाली तेव्हा मला उलट्या सुरू झाल्या आणि श्वास असा जोरात चालायला लागला की शेजारच्या बाकावरची बाई उठून लांब जाऊन बसली. डॉक्टर आले, बघितलं, आणि एकदम घाईला आले. "मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ताच न्या." इतका वेळ सवड होती, आता एकाएकी घाई झाली. जीपमध्ये घातल्याचं मला आठवतं. मायने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती भिलालीत कोणाला तरी शिव्या देत होती. पुढचं काही आठवत नाही.

"आमच्यात नसते"

पुढचं गुमानने सांगितलं. मोठ्या सरकारी दवाखान्यात एक तरुण सिस्टर आली आणि कोणी काही सांगायच्या आधी तिने माझं बोट टोचलं. मशीनने आकडाच दाखवला नाही. साखर इतकी चढली की मशीनला मोजता येत नाही, असं ती म्हणाली. डॉक्टर मॅडम पळत आल्या.

त्यांनी गुमानला विचारलं, "यांना शुगर कधीपासून आहे?"

गुमान म्हणाला, "शुगर नाई मॅडम हिले. आम्ही आदिवासी आहो. आमच्यात नसते."

"कोणी सांगितलं?"

खरंच, कोणी सांगितलं होतं? सगळ्यांनीच सांगितलं होतं. भाषणात येणारे पुढारी सांगतात की आदिवासी माणूस काटक, त्याला रोग नाहीत. शहरातले लोक सहलीला येतात, आमच्या भाकरीचे फोटो काढतात आणि म्हणतात, तुम्ही लकी, शुद्ध हवा, शुद्ध खाणं. आमच्या वाडीतल्या किती माणसांची साखर आजवर कोणी तपासली, ते विचारा. तपासलीच नाही तर सापडणार कुठून? "ताप आला अन् गेला," एवढंच आम्ही म्हणतो आणि माणूस पुरून येतो. मला आता मागची एक-एक मरणं आठवतात. माझ्या सख्ख्या मावशीची पोर अशीच वाळत वाळत, पाणी पाणी करत गेली. तेव्हा बाहेरचं काही झालं म्हणून कोंबडं दिलं होतं.

मी शुद्धीवर आले तेव्हा मॅडमने सांगितलं, "सेवंती, हा आजार जाणार नाही. पण तू इन्सुलिन घेत राहिलीस तर तूही जाणार नाहीस." मला रडू आलं. मला एकच मुलगी आहे, ती तेव्हा पाच वर्षांची होती. मी विचारलं, "किती दिवस घ्यायचं?" मॅडम म्हणाल्या, "कायम." मी तोंड भिंतीकडे केलं.

वॉर्ड

पहाटे पाचला बोट टोचायचं. सहाला फरशी पुसायची, तेव्हा सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायचं. सातला चहा. चहावाला सगळ्यांना एकाच किटलीतला गोड चहा ओतायचा, शुगरच्या पेशंटलाही. मी नको म्हटलं तर म्हणायचा, "फुकटचा आहे, घ्या की." दहाला मोठे डॉक्टर आणि त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांची रांग.

त्या रांगेतल्या एकाने माझ्या औषधाच्या पाकिटावर पेनाने सूर्य काढला, चंद्र काढला आणि मोठ्या आवाजात, एक-एक शब्द तोडून मला समजावलं, "हे... सूर्य... उगवला की. हे... चंद्र." मी त्याला म्हटलं, "भाऊ, मी दर महिन्याला अकरा रजिस्टरं भरते आणि मोबाईलवर माहितीही टाकते. तुम्ही नीट आकड्यात लिहा. आणि मला ऐकू येतं." त्याचे कान लाल झाले. पण खरं सांगते, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तो सूर्य-चंद्र चांगलाच होता. मला राग आला तो याचा की त्याने आधी विचारलं नाही.

चांगली माणसंही भेटली, ते लपवणार नाही. शेजारच्या खाटेवर एक माळीणकाकू होत्या, संग्रामपूरकडच्या. भाजीचा मळा होता त्यांचा. पायाला जखम झाली म्हणून आल्या होत्या, शुगर जुनी होती. मला सुई हातात धरवेना. काकूंनी पोराने घरून आणलेल्या भाजीतलं एक वांगं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"याले टोच."

"वांग्याले?"

"हाव, वांग्याले. वांगं बोंबलत नाई. दहादा टोच, मंग सोताले टोच. सुईले भेऊ नको वं. सुई दोन सेकंदाची राह्यते. न घेतल्यावर काय होते, ते माह्या पायाकडं पाह्य."

मी बघितलं. दोन बोटं काढून टाकलेली होती. त्या दिवशी संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने पोटात इंजेक्शन घेतलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या आणि ते वांगं सिस्टरला दाखवलं. सिस्टर पोट धरून हसली. मीही कितीतरी दिवसांनी हसले.

गारवा

घरी आले आणि खरा ताप सुरू झाला. इन्सुलिन गार जागी ठेवावं लागतं. आमच्या वाडीत उन्हाळ्यात पत्र्याखाली हात ठेवला तर पोळतो. फ्रिज कोणाकडे नाही, आणि वीज सकाळी जाते ती कधी येईल ते वीजवाल्यांनाही ठाऊक नसतं.

वाडीतल्या उपकेंद्रात लसीचा फ्रिज आहे. तिथल्या सिस्टरकडे गेले. ती एकटी आठ वाड्या बघते, माणूस म्हणून वाईट नाही. पण म्हणाली, "ताई, त्यात लसीशिवाय काही ठेवायची परवानगी नाही. तपासणीत सापडलं तर माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, "आणि माझा जीव?"

मायने मग मोठ्या मडक्यात वाळू भरली, वाळूत लहान मडकं बसवलं, वर ओलं फडकं टाकलं, आणि त्यात माझी इन्सुलिनची बाटली ठेवली. दिवसातून तीनदा ती वाळूवर पाणी शिंपडायची. पाणी हापशीवरून आणावं लागतं. तिच्या गुडघ्यांनी ते आणणं म्हणजे काय ते मी बघितलंय.

गुमानला वाटलं, एवढं कशाला? तो बाजारातल्या रसवंतीवरून बर्फ घेऊन आला, थर्मासमध्ये घातला आणि बाटली त्यात खुपसून ठेवली. अख्खा दिवस. इन्सुलिन गोठलं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नसतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी ते चार दिवस टोचत राहिले आणि परत दवाखान्यात भरती झाले.

तेव्हा मी गुमानला नाही नाही ते बोलले. वॉर्डात, लोकांसमोर. "मले मारून दुसरी कराची आहे काय तुले?" तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. मायने मला सांगितलं की त्या बर्फासाठी त्याने मजुरीचा खाडा केला होता. मी त्याची माफी मागितली, पण पुढे कित्येक दिवस तो माझ्या बाटलीला हात लावायला भ्यायचा. आजार एका माणसाला होतो आणि घरभर मार बसतो.

फोटो

मग शहरातली एक समाजसेवी मंडळी आली. आदिवासी भागात मधुमेहाची जागृती करायची, निधी उभा करायचा. मला आनंद झाला. खोटं का बोलू? मला वाटलं, देव पावला.

त्यांना माझा फोटो पाहिजे होता. मी अंगणवाडीची साडी नेसून, केस विंचरून उभी राहिले. त्यांचे सेक्रेटरी साहेब म्हणाले, "ताई, असं नको. तुमचा तो पारंपरिक चांदीचा दागिना नाही का? आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेता येईल का?" मायच्या गळ्यातली चांदीची हसळी काढून मला घालायला लावली. मोळी शेजाऱ्याची घेतली. "आणि जरा हसू नका."

शेगावला एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. दारातच माझा तो फोटो, माणसाच्या दुप्पट उंचीचा. खाली लिहिलेलं, "हिला तुमची गरज आहे." मी त्याच्या शेजारून आत गेले, मला कोणी ओळखलं नाही.

मला बोलायला लावलं. मी दोनच गोष्टी मागितल्या. पहिली, प्रत्येक अंगणवाडीत साखर तपासायचं मशीन आणि त्याच्या पट्ट्या. एकदाच नाही, संपल्या की पुन्हा. दुसरी, वाडीत गार जागा, जिथे इन्सुलिन ठेवता येईल आणि जी कधीही उघडता येईल. "कधीही" हा शब्द मी दोनदा म्हणाले. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. एक बाई रडली. कार्यक्रम संपल्यावर सेक्रेटरी साहेब धावत आले, "ताई, माईकचा आवाज रेकॉर्ड झाला नाही. तेच परत एकदा म्हणता का? आणि रडक्या आवाजात होतं ना मघाशी, तसंच." मी म्हटलं, "मघाशी मी रडत नव्हते, चिडले होते."

फ्रिज आला. उपकेंद्राच्या दुसऱ्या खोलीत बसवला, सोलरवर चालणारा. त्याच्या दारावर देणगीदारांच्या नावांची इतकी मोठी पाटी की फ्रिजचा रंग कोणता ते सांगता येत नाही. फीत कापली. मशीनं मिळाली, प्रत्येक मशीनसोबत पट्ट्यांची एक-एक डबी. डबी संपल्यावर मी फोन केला. "पुढच्या वर्षीच्या निधीत बघू," असं उत्तर आलं.

आणि मंडळींनी एक अट घातली. फ्रिज वापरात दिसला पाहिजे. वाडीतलं सगळं इन्सुलिन तिथेच ठेवायचं, रजिस्टरवर सही करून घ्यायचं, दर महिन्याला फोटो पाठवायचा. मी रजिस्टरवालीच बाई, मला ते बरोबरच वाटलं. मायने वाळूचं मडकं मोडलं आणि लहान मडक्यात कोंबड्यांना पाणी ठेवलं.

रमिला

शेजारच्या वाडीतली एक बाई धाकट्या पोराला घेऊन अंगणवाडीत आली. सोबत तिची तेरा वर्षांची मुलगी, रमिला. पोरगी भिंतीला टेकून बसली आणि माझ्या पिण्याच्या पाण्याचा जग तिने एकटीने संपवला. मी तिच्या आईला विचारलं, "काऊन वं, हिले एवढी तहान?"

ती म्हणाली, "पंधरा दिवस झाले मॅडम. पण मी रोज साखर-मिठाचं पाणी देऊन राह्यली. तुम्हीच तं शिकवलं होतं."

मी माझ्यासाठी विकत आणलेल्या पट्टीवर तिचं बोट टोचलं आणि आकडा बघून गुमानला हाक मारली. गाडीवर मध्ये रमिला, मागे मी. तासाभरात दवाखान्यात. पोरगी वाचली. आता तिलाही माझ्यासारखंच रोज दोन वेळा इन्सुलिन लागतं. सकाळ-संध्याकाळ ती चालत उपकेंद्रात यायची, आम्ही दोघी बाकावर बसून टोचून घ्यायचो. ती मला मॅडम म्हणत नाही, "सेवंतीकाकी" म्हणते. सुईला घाबरत नाही. मला घाबरते, कारण ती लपून गूळ खाते आणि मी ओरडते.

तिला मशीनवर पकडलं, याचं मला समाधान आहे. पण त्या आधी मी किती बायांना ते पाणी शिकवलं आणि त्यातल्या किती घरात कोणाला तहान होती, हे मला कधीच कळणार नाही. जुलाबाला ते पाणी चांगलंच आहे, मी ते आजही शिकवते. फक्त आता त्याच्यापुढे, तहान-लघवी-वाळणं दिसलं तर आधी बोट टोचून बघा, हे दुसरं वाक्यही शिकवते.

होळी

आमचा सगळ्यात मोठा सण होळी. दिवाळी एकवेळ कोणी विसरेल, होळी नाही. मजुरीला गेलेली माणसं कुठून कुठून परत येतात, ढोल वाजतात, रस्त्यावर दोरी आडवी धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून फगव्याचे पैसे मागतात. बाहेरून आलेला प्रत्येक सरकारी माणूस मात्र त्या दिवसांत आपापल्या घरी जातो.

होळीच्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी इंजेक्शन घेतलं. संध्याकाळी गेलो तर फ्रिजच्या खोलीला कुलूप. सिस्टरला फोन लावला.

"ताई, मी बसमध्ये आहे. सणाला घरी चालले, परवा येतेच."

"किल्ली?"

"किल्ली माझ्याकडे आहे. कोणाला द्यायची नाही असं वरून पत्र आहे. त्या फ्रिजची जबाबदारी माझ्या नावावर आहे ना. एक-दोन दिवस चालेल ना हो?"

मी नाही म्हणेपर्यंत फोन कट झाला. संध्याकाळचं इंजेक्शन चुकलं. मी अंगणवाडीच्या माझ्या साहेबांना फोन केला, उचलला नाही. सेक्रेटरी साहेबांना केला, ते म्हणाले, "अरे बापरे, काहीतरी व्यवस्था व्हायला हवी," आणि ठेवला. धुळवडीच्या सकाळी गुमान गाडी घेऊन तालुक्याला गेला, तिथून फोन केला, "सारे मेडिकल बंद आहेत वं. शटरं वाजवून राह्यलो, कोणी उघडत नाई."

दुपारी मी आणि माय उपकेंद्राच्या दारात बसलो होतो, तेव्हा रमिलाची आई तिला पाठीवर घेऊन आली. पोरीला उलट्या सुरू झाल्या होत्या. श्वास तसाच जोरजोरात चालला होता, मी जीपमध्ये घेत होते तसा. माझंही डोकं गरगरत होतं, जीभ टाळूला चिकटली होती. आणि आमच्यापासून चार पावलांवर, एका दाराआड, दोघींचंही इन्सुलिन गार हवेत नीट ठेवलेलं होतं. रजिस्टरमध्ये सहीसकट.

मी आयुष्यभर नियम पाळणारी बाई. आदल्या संध्याकाळीच जे करायला हवं होतं ते मी रात्रभर आणि अर्धा दिवस केलं नाही, साहेबांच्या फोनची वाट बघत बसले. त्याचा राग मला दुसऱ्या कोणापेक्षा स्वतःवर जास्त येतो.

माय घरी गेली आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आली. माझ्या हातात दिली. तीन फटक्यांत कुलूप निघालं. चौथ्या फटक्यात कडी. रमिलाला टोचलं, मग मला टोचलं. ढोलवाल्यांची जीप थांबवली आणि रमिलाला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो. रस्त्यात तीन ठिकाणी फगव्याची दोरी आडवी होती. पोरीचं तोंड बघून तिन्ही ठिकाणी लोकांनी दोरी खाली टाकली आणि एक जण पुढे गाडी घेऊन रस्ता मोकळा करत गेला. दोन दिवसांनी रमिला उठून बसली आणि तिने खायला मागितलं.

नोटीस

त्यानंतर आठवड्याने मला कारणे दाखवा नोटीस आली. सरकारी इमारतीचं नुकसान, परवानगीशिवाय प्रवेश, सेवा समाप्त का करू नये, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. सेक्रेटरी साहेबांचाही फोन आला. या महिन्याच्या फोटोत तुटलेली कडी दिसते, देणगीदारांना वाईट वाटेल, दुसऱ्या बाजूने फोटो काढा, असं म्हणाले.

तुम्ही हे वाचताय आणि तुम्हाला काही द्यायचं असेल, तर मला दया देऊ नका. पट्ट्या द्या, आणि संपल्या की पुन्हा द्या. प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर ते एक वाक्य लिहून द्या. आणि फ्रिज दिलात तर किल्ली वाडीतच राहील, हे आधी लिहून घ्या. तुमच्या नावाची पाटी वाटेल तेवढी मोठी लावा, माझी काही हरकत नाही.

गुमान म्हणाला, माफी माग, नोकरी वाचेल. मायने विचारलं, "कायची माफी?" मग मी बसले आणि खुलासा लिहिला. नक्कल ठेवली आहे, ती अशी:

"महोदय, कुलूप मी तोडले. आत दोन माणसांचे इन्सुलिन होते आणि ती दोन माणसे बाहेर उभी होती. पुन्हा कुलूप लागले तर पुन्हा तोडीन. मला कामावरून काढले तरी तोडीन. मी नसले तर रमिला तोडील. सब्बल कुठे ठेवली आहे, ते मी तिला दाखवून ठेवले आहे."